मोजणीच्या आठवड्यातला शहाणपणा

आमच्या रस्त्यावरची माणसं चांगली आहेत आणि चांगुलपणापायीच त्यांनी सगळं घालवलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बऱ्याच जणांना नावं ठेवणार आहे. त्यातलं सगळ्यात मोठं बोट माझ्याकडेच वळणार आहे, तेव्हा कुणी रागावू नये.

ताई माझी थोरली बहीण. लग्न केलं नाही, करायचं नव्हतं म्हणून. ज्यांना याहून दुसरं कारण हवं असेल त्यांनी तिला विचारावं आणि पुढचं ऐकून घ्यावं. ती पुस्तकं बांधते. सुटे फर्मे, म्हणजे छापून घडी घातलेल्या पानांचे जुडगे, जुळवायचे, मेण लावलेल्या दोऱ्यानं शिवायचे, पाठीला सरस लावायचा, दाबात ठेवायचे, कडा कापायच्या. बावीस वर्षं हे काम ती आमच्या घरासमोरच्या दुकानात करत होती. घराचं दार आणि दुकानाचं दार अगदी समोरासमोर. मध्ये रस्ता. अकरा पावलं.

एका सकाळी सातव्या पावलावर असताना तिला गाडीनं उडवलं. गाडीवाला दारुडा नव्हता, पळूनही गेला नाही. उतरला, रडला, स्वतः दवाखान्यात घेऊन गेला, नंतर दोनदा फळं घेऊन भेटायला आला. चांगला माणूस. मला त्याचाच जास्त राग आला. वाईट माणसाला शिव्या तरी देता येतात. हा पन्नासनं चालला होता आणि पाटीवर पन्नासच लिहिलं होतं. म्हणजे कायद्यानं बघितलं तर कुणाचीच चूक नाही, आणि ताईच्या मांडीत सळई.

हाड जुळलं, पण अकरा पावलांची आता एकोणीस झाली. आमच्या दारापासून थोड्या अंतरावर वळण आहे. वळणावर गाडी दिसली की पाच मोजेपर्यंत ती दारात असते. मी खिडकीत उभं राहून मोजलंय. पाचात ताईची निम्मी वाटही होत नाही. बरी झाल्यावर एकदा तिनं प्रयत्न केला. मधोमध अशी थिजली की मला धावत जाऊन तिला उचलून आणावं लागलं. त्यानंतर तो रस्ता तिनं ओलांडला नाही. माझ्या गाडीतून डॉक्टरकडे जायची, बाजारात जायची, पण ती अकरा पावलं नाही.

"मी सोडतो की हात धरून," मी म्हणायचो.

"आणि दुपारी जेवायला?"

"तेव्हा आणतो."

"आणि चष्मा घरी विसरला तर? बालवाडीत चाललेय का मी? डबा पण दे मग गळ्यात अडकवून."

दुकानाचे मालक म्हातारे. ते स्वतः फर्मे घेऊन आमच्याकडे यायचे, ताई ओट्याशेजारच्या टेबलावर शिवायची, शिवलेलं मालक परत न्यायचे. पण दाबयंत्र घरी येत नाही. ओतीव लोखंडाचं धूड, चार माणसांना हलत नाही. शिवण ताईची आणि पुढचं सगळं मालकांच्या कापऱ्या हातांनी. कडा वाकड्या जायला लागल्या. ग्रंथालयवाल्यांनी दोन गठ्ठे परत पाठवले.

एका दुपारी मालक चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "पोरी, दुकान तुझ्याच हाती द्यायचं हे मी कधीचं ठरवलंय, तुला ठाऊक आहे. पण समोरच्या घरात बसून दुकान चालत नाही. वर्षअखेरपर्यंत थांबतो. मग तो छपाईवाला जागा मागतोय, त्याला देऊन मोकळा होतो."

"बरोबर आहे तुमचं," ताई म्हणाली. ते गेल्यावर तिनं एकच फर्मा तीनदा उसवला आणि तीनदा शिवला.

तीसची मर्यादा मागायचं डोकं माझ्या बायकोचं. ती म्हणाली, "वळणाशी भांडून उपयोग नाही, ते काही सरळ होणार नाही. वेगाशी भांडा." तिनं अर्ज लिहिला, दारोदार फिरून सह्या घेतल्या. महिन्याभरानं रस्ते खात्याचं उत्तर आलं: निर्णयापूर्वी सोमवार ते रविवार वेगाची मोजणी होईल.

आता इथे शिट्टी येतात. शिट्टी म्हणजे आमच्या शेजारचे निवृत्त कवायत मास्तर. गळ्यात अजून शिट्टी असते म्हणून ते नाव, आणि त्यांना ते आवडतं. त्यांनी सगळ्यांना आमच्या पायऱ्यांवर गोळा केलं.

"मोजणी म्हणजे काय? तपासणी!" शिट्टी म्हणाले. "तीस वर्षं मी तपासणीला शाळा उभी केलीय. साहेब येणार म्हटलं की वर्ग असा पाहिजे, टाचणी पडली तर ऐकू यावी. आपण दाखवून देऊ की इथे गाड्या तीसनं जाऊ शकतात."

एकालाही वाटलं नाही की म्हणावं, अहो मास्तर, पण. मलाही नाही. पाहुणे यायचे म्हटलं की घरातला पसारा पलंगाखाली ढकलणारी माणसं आम्ही. आम्ही गाड्यांचा वेगही पलंगाखाली ढकलला.

रविवारी रस्त्यावर दोन काळ्या रबरी नळ्या आडव्या ठोकल्या गेल्या. दिव्याच्या खांबाला एक कुलूपबंद पेटी लागली. गाडी नळ्यांवरून गेली की टप-टप वाजायचं आणि पेटीत वेग आणि वेळ नोंदली जायची. सोमवारी सकाळी सातला आम्ही हजर. पुठ्ठ्यांवर 'सावकाश' लिहून दोन्ही टोकांना माणसं. शिट्टींनी पाळ्या लावून दिल्या. म्हाताऱ्या खुर्च्या टाकून बसल्या. गाडीवाले पहिल्या दिवशी वैतागले, दुसऱ्या दिवशी त्यांनी हळू केलं, तिसऱ्या दिवशी हात दाखवून जायला लागले. काय अभिमान वाटला म्हणून सांगू. मी धुलाई केंद्राची गाडी चालवतो, हॉटेलांना धुतलेल्या चादरी पोचवतो. पहाटेची खेप उरकून मी सातच्या ठोक्याला पुठ्ठा घेऊन उभा असायचो. ताई खिडकीतून बघायची. मला वाटायचं, कौतुकानं बघतेय.

पत्र आलं. सरासरी वेग ताशी एकोणतीस. गाड्या मुळातच सावकाश जात असल्यामुळे मर्यादा बदलण्याची आवश्यकता दिसत नाही.

शिट्टी पायरीवर मटकन बसले. माझी बायको पत्राची घडी घालत म्हणाली, "अभिनंदन मास्तर. शाळा पहिली आली."

"आणि ताई नापास झाली," मी म्हणालो. मी गप्प बसायला हवं होतं. म्हाताऱ्याचा चेहरा बघवेना.

दुसऱ्या दिवशी मी आणि शिट्टी रस्ते खात्यात गेलो. मोजणीचं काम बघणाऱ्या बाई एका कोपऱ्यातल्या टेबलामागे होत्या. बारीक चणीच्या, चष्मा कपाळावर, टेबलाखाली तसल्याच रबरी नळ्यांची वेटोळी. मी बसलोसुद्धा नाही. म्हणालो, तुमची पेटी आंधळी आहे. म्हणालो, तुम्ही लोक आकड्यांची सख्खी आई होता आणि माणसांची सावत्र. म्हणालो, माझ्या बहिणीच्या मांडीतली सळई मोजा एकदा. शेजारच्या टेबलांवरची माणसं कामं टाकून ऐकायला लागली.

"अजून?" बाईंनी विचारलं.

मी अजून बोललो.

"झालं? आता बसा." त्यांनी चष्मा नाकावर ओढला आणि कागदांचा गठ्ठा काढला. "सरासरी काढून मी कागद पुढे सरकवला, ही माझी चूक. तुम्हाला पत्र गेल्यावर मला चैन पडेना, म्हणून काल तासातासाचे आकडे काढले. सात ते एक, सव्वीस. दोन ते नऊ, सत्तावीस. आणि हे बघा, एक ते दोन. त्रेपन्न. सातही दिवस. एक ते दोनमध्ये काय करता हो तुम्ही?"

शिट्टींनी माझ्याकडे बघितलं. "जेवतो," ते म्हणाले.

"सगळे?"

"मधली सुट्टी एकची असते," शिट्टी कसनुसे म्हणाले. "मीच लावली होती."

आणि मग सगळं बाहेर आलं. पुठ्ठे, पाळ्या, म्हाताऱ्यांच्या खुर्च्या. बाई ऐकत गेल्या आणि त्यांचं तोंड हळूहळू वाकडं व्हायला लागलं. शेवटी त्यांनी टेबलावर डोकं टेकलं आणि खांदे हलवत हसल्या. "सतरा वर्षं मोजणी करतेय," डोळे पुसत म्हणाल्या. "लोक मोजणीच्या दिवसांत मुद्दाम गाड्या दामटतात, म्हणजे मर्यादा कमी होईल. उलटं करणारे तुम्ही पहिले."

मीही हसलो. ते हसणं तोंडावर असतानाच त्यांनी शेवटचा कागद पुढे केला.

"अजून एक आहे. पहाटेची गाडी. पाच-चाळीस. रोज एकच. चोपन्न, छप्पन्न, चोपन्न. सात दिवस चुकलेली नाही. ही कुणाची?"

दूधवाल्याचं नाव घेता आलं असतं. कुणाला कळलं नसतं. शिट्टी म्हणालेसुद्धा, "असेल कुणीतरी बाहेरचा, उलट्या काळजाचा."

"माझी आहे," मी म्हणालो.

सहाला चादरी पोचल्या नाहीत तर हॉटेलवाला तोंड सोडतो. रस्ता रिकामा असतो. पहाटे कोण मरायला येतंय रस्त्यावर. ही सगळी कारणं माझ्या तोंडाशी आली, आणि मला ऐकू आलं की ती त्या फळंवाल्या चांगल्या माणसाच्या आवाजात होती. मी पोटातल्या पोटात गिळून टाकली.

बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या कागदाकडेच बघत राहिल्या आणि पेन्सिलीनं समासात काहीतरी टिपत राहिल्या, बहुतेक काहीच नाही. एवढ्या लोकांसमोर मी त्यांना बोललो होतो. आता त्यांची पाळी होती आणि त्यांनी ती सोडून दिली. आयुष्यात मला बऱ्याच जणांनी बरंच दिलंय, पण त्या दोन मिनिटांचं ऋण मी वेगळं ठेवलंय.

"फेरमोजणी मागता येते," त्या जरा वेळानं म्हणाल्या. "पण कारण लागतं. रहिवाशांनी वाहनं हळू करायला लावल्यामुळे आकडे भरवशाचे नाहीत, असं कुणीतरी सही करून द्यावं लागेल. साहेबांसमोर वाचलं जाईल. वर ठपका येईल तो वेगळा."

शिट्टींनी आयुष्यभर कुठल्याही तपासणीत ठपका घेतला नव्हता. त्यांनी खिशातून पेन काढलं. "कुठे करू?" म्हणाले.

"तारीख सांगणार नाही मी," बाईंनी बजावलं. "नळ्या कधीही पडतील. आणि एकही माणूस रस्त्यावर दिसता कामा नये. जे होतं ते होऊ द्यायचं."

"आणि माझी गाडी?" मी विचारलं. "मी कसा जाऊ? नेहमीसारखा?"

"ते तुम्ही ठरवा. एक गाडी कमी सापडली तर माझं काही अडत नाही."

घरी आलो तर ताई शिवत बसली होती. मी समोर बसलो आणि सांगून टाकलं. पाच-चाळीस, चोपन्न, सात दिवस.

तिनं सुई थांबवली नाही. "ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"रोज पाच-चाळीसला माझ्या खिडकीची काच थरथरते. तुझ्या गाडीचा आवाज मला ओळखू येत नाही होय? अंथरुणात असते, तरी पाय आखडतो."

"मग बोलली का नाहीस? वर्षभर?"

"काय बोलू? पहाटे असा जायचास आणि सातला माझ्यासाठी पुठ्ठा धरून उभा राहायचास. ऊन लागून नाक सोललं होतं तुझं. त्या नाकाला काय बोलू मी?"

 चव्वेचाळीस वर्षांचा घोडा, रडलो. बायको आत आली, दोघांकडे बघितलं, आणि काही न विचारता पाण्याचा तांब्या ठेवून गेली. ताई म्हणाली, "पुरे. फर्मे भिजतील."

दुसऱ्या दिवसापासून मी पाच मिनिटं आधी उठायला लागलो. संपलं. इतकंच होतं ते. सहा वर्षं ज्यासाठी मी रस्ता भाजून काढत होतो ती पाच मिनिटं गजराच्या काट्यात पडून होती. हॉटेलवाल्याला फरकसुद्धा कळला नाही. आणि काच थरथरली नाही तेव्हा ताई पहिल्या दिवशी घाबरून उठली म्हणे. वाटलं, मी गेलोच नाही कामाला.

पाच आठवड्यांनी एका सकाळी नळ्या पुन्हा दिसल्या. तो आठवडा जन्मात विसरणार नाही. गाड्या सूं सूं करत जायच्या आणि आम्ही घराघरांत हातांची घडी घालून बसायचो. आपल्या दारातून कुणी चोरी करून जातंय आणि आपण 'या, बसा' म्हणतोय असं वाटायचं. शिट्टींनी शिट्टी स्वतःच्या बायकोकडे कुलपात ठेवायला दिली. जवळ असली तर हात जाईल म्हणाले. बुधवारी समोरची म्हातारी भाजी घेऊन रस्त्याच्या कडेला अडकली आणि चार गाड्या तिच्या पदराला वारा घालून गेल्या. मी उंबऱ्यात उभा होतो. बायकोनं माझा सदरा मागून धरून ठेवला होता. म्हातारी पोचली, बरं का. पण बायकोच्या मुठीत माझ्या सदऱ्याचं बटण राहिलं.

सरासरी सेहेचाळीस. सगळ्यात जास्त त्र्याहत्तर. त्र्याहत्तर, आमच्या दारावरून! हा आकडा ऐकून एवढी आनंदलेली माणसं तुम्ही कुठे बघितली नसतील. शिट्टी त्र्याहत्तर-त्र्याहत्तर करत घरोघर फिरले.

हुकूम निघाला तेव्हा वर्ष संपायला तीन आठवडे होते. तीसच्या पाट्या लागल्या. रस्ता अरुंद वाटावा म्हणून दोन्ही कडांना जाड पांढरे पट्टे मारले, वळणाच्या तोंडाशी उंचवटा घातला. पाटी लागली आणि दुसऱ्या दिवशी सगळे साधुसंत झाले असं काही नाही. नवी पाटी म्हणजे पहिले चार दिवस भिंतीवरचं चित्र. पण उंचवट्यावर दोघांतिघांची डोकी छताला आपटली आणि तिथून पुढे हळूहळू रस्त्याचा आवाजच बदलला. पूर्वी बोलता बोलता थांबावं लागायचं, गाडी जाऊ द्यावी लागायची. आता वाक्य पुरं व्हायला लागलं.

मोजणीवाल्या बाई एका दुपारी काम कसं झालंय ते बघायला आल्या. ताईनं त्यांना आत बोलावून चहा दिला. मी आभार मानायला तोंड उघडलं आणि मला नीट बोलताच येईना. रागात माझी जीभ कशी तलवारीसारखी चालते. तिथे नुसता गुळमुळीत झालो.

"आभार साहेबांना पत्रानं कळवा," बाई बशीत चहा ओतत म्हणाल्या. "कागदावर आलं की पुढच्या रस्त्याला उपयोगी पडतं. अजून अकरा अर्ज आहेत माझ्याकडे." मग ताईला म्हणाल्या, "मी पाटी लावली. पाऊल तुमचं तुम्हालाच टाकावं लागणार. मी वेग मोजते, भीती मोजायची पेटी नाही माझ्याकडे."

"ती माझ्याकडे आहे," ताई म्हणाली. "रोज बघते आकडा. उतरतोय."

सोमवारी ती निघाली. आधी कुणाला सांगितलं नव्हतं. सकाळी नऊला पातेलं खाली ठेवल्यासारखं म्हणाली, "येते कामाला जाऊन." मी चपला घालायला लागलो तर म्हणाली, "तू गाडीत जाऊन बस आणि तुझ्या खेपेला नीघ. माझ्यासमोर उभा राहून मान लांब करू नकोस."

मी गाडीत बसलो. निघालो मात्र नाही. शेजारी शिट्टी दारातली कुंडी पुसत होते, रिकामी कुंडी. माझी बायको वरच्या खिडकीत वाळलेला टॉवेल पुन्हा वाळत घालत होती. सगळा रस्ता काहीही बघत नव्हता.

ताईनं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि पाऊल टाकलं. एक, दोन. काठी नव्हती. सात. आठव्या पावलाला वळणावर एक निळी गाडी दिसली. माझा हात दाराच्या कडीवर गेला.

गाडी उंचवट्यावर चढली, उतरली, हळू झाली, आणि ताईपासून चांगली लांब थांबली. चालवणारी कुणी अनोळखी बाई होती.

ताईही थांबली. मला वाटलं, झालं, थिजली. पण ती थिजली नव्हती. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहून आधी त्या गाडीकडे बघत होती, मग दुसऱ्या टोकापर्यंत रस्त्याकडे, जसं कुणी बऱ्याच दिवसांनी घरी आल्यावर खोल्यांतून डोकावून बघतं. निळ्या गाडीनं हॉर्न दिला नाही. ताईनं घाई केली नाही. मी मोजत होतो. एकोणीस नाही, तेवीस पावलं लागली.

दुकानाच्या दारात मालक एप्रन घालून उभे होते. "ये. सरस गार होतोय," ते म्हणाले.

"तुमचा सरस गरम असला तरी पातळच असतो," ताई म्हणाली. "सरका. दाबाजवळ मी उभी राहणार. त्या छपाईवाल्याला निरोप पाठवा, दुसरी जागा बघ म्हणावं."

दार लागलं. निळी गाडी सावकाश पुढे आली. ती माझ्या शेजारून जात असताना मी खिडकीतून अर्धा बाहेर येऊन त्या बाईला दोन्ही हात जोडले. डोळे गळत होते, नाक गळत होतं, ध्यान कसं दिसत असेल देव जाणे. तिला काय माहीत आपण काय केलं ते. ती तर नुसती थांबली होती. तिनं गोंधळून माझ्याकडे बघितलं, आपली गाडी कुठे पंक्चर तर नाही ना म्हणून एकदा आरशात बघितलं, मग घाबरत घाबरत हात केला आणि तीसनं निघून गेली.